चाकांवरचे बिऱ्हाड आणि मुक्कामाची जागा : मालगुंड परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

घर म्हणजे एका जागी उभी असलेली वास्तू, अशी स्थिर समाजाची समजूत असते. महसुलाची नोंद, मतदार यादी, शिधापत्रिका, शाळेचा दाखला या साऱ्या व्यवस्था याच समजुतीवर उभ्या आहेत. तथापि महाराष्ट्राच्या इतिहासात आपले घर बरोबर घेऊन फिरणारे समूह मोठ्या संख्येने आढळतात. मेंढपाळ धनगरांचे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर असे, लमाणांचे बैलांच्या पाठीवर आणि घिसाड्यांचे बैलगाडीत. या सर्वांपुढे दर काही दिवसांनी एकच प्रश्न उभा राही : पुढचा मुक्काम कोठे, किती दिवस आणि कोणत्या मोलाने?

हाच प्रश्न अलीकडच्या काळात एका वेगळ्या वर्गापुढे उभा राहिला आहे. मोटारीत अथवा लहान बसमध्ये अंथरूण, शेगडी व पाण्याची टाकी बसवून आठवडेच्या आठवडे प्रवासात राहणारी माणसे कोकण किनाऱ्यावर दिसू लागली आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. रत्नागिरी तालुक्यातील मालगुंड हे गाव या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. मराठी वाचकाला ते केशवसुतांचे (१८६६–१९०५) जन्मगाव म्हणून परिचित आहे. शेजारचे गणपतीपुळे हे तीर्थक्षेत्र, तेथील महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान, उत्तरेकडील जयगड आणि रत्नागिरीकडून आरे-वारे मार्गे येणारा सागरी रस्ता यांमुळे हा परिसर प्रवाशांच्या वाटेवर आहे. चाकांवर बिऱ्हाड असलेल्या माणसाला येथे रात्रीपुरते थांबणे कठीण नाही. परंतु कमी खर्चात महिना-दोन महिने थांबणे कठीण आहे. त्याची कारणे केवळ आजच्या दरपत्रकात नसून मुक्कामाच्या दीर्घ इतिहासात आहेत. या इतिहासाचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१. फिरत्या समूहांना दीर्घ मुक्कामाची जागा कोणत्या अटींवर मिळत असे, हे पाहणे.
२. वसाहतकालीन कायद्यांमुळे मुक्कामाच्या व्यवहारात झालेला बदल तपासणे.
३. कोकणातील जमीनधारणेच्या संदर्भात मालगुंड परिसरातील दीर्घ मुक्कामाच्या शक्यता व अडचणी मांडणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रवासवर्णने, समाजशास्त्रीय अभ्यास, कायदे व शासकीय धोरणे यांचा आधार घेतला आहे.

मुक्काम : संकल्पना आणि शब्द

मराठीत थांबण्यासाठी असलेले शब्द मोठे बोलके आहेत. वाटेत घटकाभर थांबणे म्हणजे विसावा, रात्र काढणे म्हणजे वस्ती, सैन्याने वा तांड्याने सामान उतरवून थांबणे म्हणजे तळ किंवा पडाव, आणि संसारासह उतरणे म्हणजे बिऱ्हाड करणे. एकट्या वाटसरूसाठी गावात धर्मशाळा, चावडी किंवा देवळाचा सभामंडप असे. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात देशभर बांधलेले घाट, विहिरी व धर्मशाळा या परंपरेचे ठळक उदाहरण होय. परंतु ही सोय मुख्यतः यात्रेकरूची होती. यात्रेकरूला परतायला घर असे आणि त्याचा मुक्काम थोडक्या दिवसांचा असे.

ज्यांचे घर बरोबरच असे, त्यांच्या गरजा निराळ्या होत्या. त्यांना छपरापेक्षा मोकळी जमीन, जनावरांसाठी चारा, बारमाही पाणी, सरपण आणि गावाची संमती हवी असे. म्हणून त्यांचा मुक्काम धर्मशाळेत न होता गावकुसाबाहेरच्या माळावर, ओढ्याकाठी अथवा कापणी झालेल्या शेतात होई. या पाचांपैकी पहिल्या चार गोष्टी निसर्ग देत असे; पाचवी मात्र माणसांकडून मिळवावी लागे. दीर्घ मुक्कामाचा इतिहास हा बहुतांशी या पाचव्या गोष्टीचा, म्हणजे संमतीचा इतिहास आहे.

देवाणघेवाणीवर उभा असलेला मुक्काम

संमतीचे सर्वांत जुने आणि टिकाऊ रूप धनगरांच्या मुक्कामात दिसते. फलटण, माण, खटाव, बारामती यांसारख्या कमी पावसाच्या प्रदेशांतील मेंढपाळ दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन बाहेर पडतात. त्यांच्यापैकी अनेक वाडे सह्याद्रीचे घाट उतरून उत्तर कोकणात जातात. ‘वाडा’ म्हणजे येथे इमारत नव्हे, तर एकत्र फिरणाऱ्या काही कुटुंबांचा व त्यांच्या कळपांचा समूह. भाताची कापणी झालेल्या खाचरात रात्री मेंढ्या बसवल्या की लेंडी व मूत्र यांचे खत जमिनीत जाते. या खतासाठी शेतकरी मेंढपाळाला धान्य वा रोख रक्कम देत आला आहे. म्हणजे या व्यवहारात मुक्काम करणारा भाडे देत नाही, तर मुक्कामाबद्दल त्यालाच मोबदला मिळतो. शेताला खत आणि वाड्याला जागा, अशी दोन्ही बाजूंची गरज त्यात भागते. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवरील आपल्या १९७६ सालच्या ग्रंथात धनगरांच्या या भटकंतीचा आणि त्यांच्या देवस्थानांचा संबंध उलगडला आहे. पावसाळा तोंडावर आला की वाडा पुन्हा घाट चढतो, कारण कोकणातील मुसळधार पाऊस दख्खनी मेंढीला मानवत नाही.

लमाणांचा मुक्काम व्यापारावर उभा होता. सतराव्या शतकात भारतात आलेला फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए याने हजारो बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. देशावरचे धान्य किनाऱ्याकडे आणि किनाऱ्यावरचे मीठ घाटावर नेण्याचे काम हे तांडे करीत. बैलांना चरत चरत न्यावयाचे असल्याने त्यांची दिवसाची मजल लहान असे आणि मुक्काम पुष्कळ असत. मुक्कामाची जागा ठरवण्याचे काम तांड्याच्या नायकाचे असे. मोगल फौजांपासून १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धातील आर्थर वेलस्लीच्या सैन्यापर्यंत अनेकांची रसद तांड्यांवर अवलंबून होती. ज्याच्या येण्याने गावात मीठ आणि छावणीत धान्य येते, त्याला माळावर उतरू देण्यास सहसा कोणी हरकत घेत नसे.

आजच्या ‘वाहनात राहणे’ या कल्पनेला सर्वांत जवळचे उदाहरण घिसाड्यांचे आहे. भाता, ऐरण, हातोडा आणि संसार एकाच बैलगाडीत घालून ही कुटुंबे गावोगाव फिरत. विळे, कोयते, कुऱ्हाडी, खुरपी घडवणे, नांगराच्या फाळाला धार लावणे, गाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवणे ही त्यांची कामे. पेरणी व सुगी या दोन हंगामांच्या आधी त्यांची गरज सर्वाधिक असे आणि त्या वेळी त्यांचा मुक्कामही लांबे. राजस्थानातील गाडिया लोहार हा याच व्यवसायातला, गाडीतच राहणारा समाज. चितोड पडल्यावर पुन्हा घरात न राहण्याची शपथ पूर्वजांनी घेतली, अशी त्यांची परंपरा सांगते. १९५५ साली पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत त्यांनी चितोडगडात प्रवेश केला. महाराष्ट्रातील घिसाड्यांच्या वाट्याला असा सोहळा आला नाही; त्यांच्या गाड्या कारखान्यात तयार झालेल्या अवजारांनी आणि रबरी टायरांनी थांबवल्या.

या तीन उदाहरणांवरून असे दिसते की, स्वस्त मुक्काम हा दानधर्माचा विषय नव्हता. तो देवाणघेवाणीचा व्यवहार होता. गावाला हवे असलेले काहीतरी फिरत्या माणसाकडे असे आणि ते संपेपर्यंत त्याचा मुक्काम वैध मानला जाई. या व्यवहाराची दुसरी बाजूही विसरता येत नाही. मुक्काम गावकुसाबाहेर असे, पाणवठा जातीच्या उतरंडीप्रमाणे ठरे आणि गरज संपली की संमतीही संपे. ज्या समूहांकडे देण्यासाठी खेळ, भविष्य वा भिक्षेतील गाणे एवढेच होते, त्यांना मिळणारे दिवस मोजकेच असत.

वसाहतकाळ : मुक्कामावर संशयाची छाया

एकोणिसाव्या शतकात हा व्यवहार दोन दिशांनी ढासळला. पहिली दिशा आर्थिक होती. १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, १८६३ साली बोरघाटातील लोहमार्ग खुला झाला, घाटरस्ते गाडीवाटेचे झाले आणि मालवाहतूक बैलांच्या पाठीवरून गाडीत व वाघिणीत गेली. लमाणांच्या तांड्याला माळावर उतरवून घेण्याचे गावाचे कारण त्यामुळे उरले नाही.

दुसरी दिशा कायद्याची होती. स्थिर शेतकरी हा महसुलाचा आधार असल्याने फिरता माणूस ब्रिटिश प्रशासनाला अनाकलनीय व म्हणून संशयास्पद वाटे. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा संमत झाला. प्रारंभी तो उत्तर भारतापुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याचा विस्तार मुंबई इलाख्यासह इतरत्र झाला आणि १९२४ साली तो एकत्रित स्वरूपात पुन्हा करण्यात आला. या कायद्यान्वये संपूर्ण जमात जन्माने गुन्हेगार म्हणून घोषित करता येई. नोंदणी झालेल्या व्यक्तीला ठराविक वेळी हजेरी द्यावी लागे आणि परवान्याशिवाय ठिकाण बदलता येत नसे. मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर आदी ठिकाणी या जमातींसाठी वसाहती स्थापन झाल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणातील वसाहतीतून माणसे गिरण्यांत कामाला जात आणि हजेरीला परत येत. त्या भागाला ‘सेटलमेंट’ हे नाव पुढेही चिकटून राहिले.

येथे मुक्कामाच्या अर्थातच मूलभूत बदल झाला. पूर्वी मुक्काम लांबणे हे काम पुष्कळ असल्याचे लक्षण होते. आता लांबलेला मुक्काम हा चौकशीचा विषय झाला आणि न कळवता केलेला मुक्काम हा अपराध ठरू लागला. गावच्या पाटलाकडे वर्दी देणे, दाखला दाखवणे आणि मुदत संपताच उठणे हा फिरत्या जीवनाचा नित्यक्रम बनला. याच काळात कलेक्टर व अन्य अधिकारी हिवाळ्यात तंबू घेऊन जिल्हाभर फिरत. त्यांच्या तळासाठी पाणी, सरपण, दूध व वाहतुकीचे बैल पुरवण्याचा भार गावावर पडे आणि त्यातून वेठबिगारीच्या तक्रारी उद्भवत. एकाच माळावर साहेबाचा तंबू पडला तर गावाने सरबराई करावी आणि कैकाड्याचे पाल पडले तर पाटलाने चौकशी करावी, अशी ही विषम व्यवस्था होती. कापडाच्या दोन छपरांमधला हा भेद पुढील इतिहासातही टिकून राहिला.

स्वातंत्र्योत्तर काळ : हक्क आणि जागा यांतील अंतर

मुंबई प्रांताने १९४९ साली आणि केंद्राने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला. त्यानंतर या जमातींना ‘विमुक्त’ ही संज्ञा मिळाली. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ ने नागरिकांना देशभर संचार करण्याचा आणि कोठेही वास्तव्य करण्याचा हक्क दिला. परंतु संचाराचा हक्क मिळाला तरी मुक्कामाची जागा त्याबरोबर मिळाली नाही. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनाचे नावच या विसंगतीचे सार आहे. या पुस्तकाला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पालातले जगणे मराठी मध्यमवर्गाच्या वाचनात आले.

शहरातील उघड्या जागेवरील मुक्कामाचा प्रश्न ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९८५ च्या निकालाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. मात्र पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, झोपड्या हलवू नयेत एवढी मुदत दिली. ज्या देशात मुक्कामाचे वेळापत्रक पावसाने ठरते, तेथे न्यायालयालाही पावसाची नोंद घ्यावी लागली.

ग्रामीण भागात फिरत्यांचा आधार म्हणजे गायरान. या जमिनीही हळूहळू आक्रसत गेल्या. २०११ साली जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश दिले आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने गायरान जमिनींच्या वाटपावर कडक निर्बंध आणले. सामाईक जमीन वाचवणे हा या निर्णयांचा हेतू योग्यच होता. परंतु ज्यांचे तात्पुरते पाल याच जमिनीवर पडे, त्यांना पर्यायी जागा कोणती, हा प्रश्न त्यातून सुटला नाही. त्याच वर्षी सुरू झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत विमुक्त व भटक्या जमातींच्या कुटुंबांना जमीन व घर देऊन स्थिर करण्याची तरतूद आहे. योजनेचे महत्त्व निर्विवाद आहे. तरी तिचा आधार स्थिरतेचा आहे. ज्यांचा व्यवसायच फिरण्याचा आहे, त्यांना वर्षातील सात-आठ महिने लागणाऱ्या मुक्कामाचा विचार तीत नाही.

या पोकळीची किंमत किती भयंकर असू शकते, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे दिसले. मंगळवेढा परिसरातून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना, मुले पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून, जमावाने ठार मारले. भिक्षेसाठी फिरणाऱ्या या माणसांची पाले जवळच्या पिंपळनेर भागात होती. वर्दी देणे, दाखला बाळगणे, ओळख पटवणे ही जुनी चौकट या ठिकाणी जीव वाचवू शकली नाही. फिरत्या माणसाविषयीचा दीड शतकाचा संशय एका भ्रमणध्वनीवरील अफवेत पुन्हा जिवंत झाला.

कोकणची जमीन आणि मालगुंड परिसर

देशावरच्या माळांवर घडलेला हा इतिहास कोकणात थोडा वेगळा वळतो, कारण येथील जमीन वेगळी आहे. रत्नागिरी जिल्ह्यात शासकीय वनक्षेत्र अत्यल्प असून डोंगर, सडे व वरकस जमिनी बहुतांशी खाजगी मालकीच्या आहेत. यामागे खोती पद्धतीचा वारसा आहे. खोती नष्ट करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले; प्रत्यक्षात खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ साली झाला. त्याच सुमारास, १९४८ साली, कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हे बदल आवश्यकच होते. त्यांचा एक अनपेक्षित परिणाम मात्र जमीनमालकाच्या मनावर झाला. आपल्या जागेत कोणाला फार काळ राहू दिले तर जागा हातची जाईल, ही धास्ती कोकणात खोलवर रुजली. एक रात्र राहू देणारा मालक महिन्याचे नाव काढताच साशंक होतो, त्याचे मूळ या इतिहासात आहे.

दुसरी अडचण संमती कोणाची घ्यावी, ही आहे. कोकणातील सातबाऱ्यावर अनेक सहहिस्सेदारांची नावे असतात आणि त्यांपैकी बरेच जण मुंबईकर चाकरमानी असतात. गावात राहणाऱ्या एका भावाचा होकार इतरांवर बंधनकारक असतोच असे नाही. गडग्याच्या आतली मोकळी दिसणारी जागा त्यामुळे प्रत्यक्षात मोकळी नसते. पूर्वी पाटलाच्या वा खोताच्या एका शब्दाने होणारे काम आता अनेकांच्या संमतीवर अवलंबून राहते.

निसर्गाच्या अटीही कठोर आहेत. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात उघड्या जागेवर वाहनात राहणे धोक्याचे ठरते. उलट एप्रिल-मे महिन्यांत कातळावरच्या वाड्यांना पाण्याची टंचाई जाणवते. सुखाने मुक्काम करता येईल असा काळ त्यामुळे दिवाळीपासून होळीपर्यंतचा उरतो. हे वेळापत्रक धनगरांच्या वाड्याच्या वेळापत्रकाशी जवळजवळ जुळते, ही बाब लक्षणीय आहे. मालगुंड-गणपतीपुळे परिसरात याच काळातील दिवाळी व नाताळच्या सुट्या, अंगारकी चतुर्थी आणि पुढे मे महिन्याची सुटी यांत गर्दी वाढते व दरही चढतात. कमी खर्चाचा मुक्काम हवा असणाऱ्यास हे दिवस टाळून, समुद्रापासून थोडे आत, विहीर असलेल्या वाडीजवळची जागा शोधावी लागते. भरतीरेषेलगतची जागा १९९१ पासून सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांखाली आहे. त्यामुळे वाळूवर वा किनाऱ्यालगत कायम स्वरूपाची सोय उभारणे सोपे नाही.

असे असूनही दीर्घ मुक्कामाची एक जुन्या पद्धतीची व्यवस्था या जिल्ह्यात आजही चालू आहे. हापूस आंब्याच्या बागांची राखण करण्यासाठी दरवर्षी मोठ्या संख्येने नेपाळी कामगार येतात. मोहोर येण्याच्या आधीपासून आंबा उतरेपर्यंत ते बागेतच, अनेकदा कुटुंबासह, खोपीत राहतात. जागेचे भाडे नसते. राखण हाच तिचा मोबदला. ज्या मालकाला अनोळखी माणसाच्या दीर्घ वास्तव्याची धास्ती वाटते, तोच मालक बागेत परप्रांतीय कुटुंबाला सात-आठ महिने राहू देतो, कारण त्या वास्तव्याला दोघांनाही समजणारा अर्थ असतो. मेंढ्या बसवणारा धनगर आणि बाग राखणारा नेपाळी कामगार यांच्या मुक्कामामागचे तत्त्व एकच आहे. मात्र या व्यवस्थेत वेतन, सुरक्षितता व मुलांचे शिक्षण यांबाबत कामगाराची बाजू दुबळी असते, हेही नमूद केले पाहिजे.

कॅरॅव्हॅन धोरण आणि अन्य देशांचा अनुभव

२०२१ च्या धोरणात कॅरॅव्हॅन आणि कॅरॅव्हॅन उभ्या करण्याची उद्याने या दोहोंची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करण्याची तरतूद आहे. उद्यानात पाणी, स्वच्छतागृह, वीज व सुरक्षित वाहनतळ असावा, अशी अपेक्षा आहे. त्याआधी २०२० साली आलेल्या कृषी पर्यटन धोरणाने शेतकऱ्याला आपल्या शेतावर पाहुणे ठेवण्याचा अधिकृत मार्ग उपलब्ध करून दिला. ही दोन धोरणे एकत्र वाचली असता मालगुंडसारख्या गावातील बागायतदाराला आपल्या आवारात दोन-चार वाहनांना महिनाभर जागा देणे आणि त्याची लेखी नोंद ठेवणे शक्य होण्याची दिशा दिसते. मुदत, शुल्क आणि उठण्याची तारीख कागदावर आली की कूळकायद्याच्या स्मृतीतून आलेली धास्ती बऱ्याच अंशी कमी होऊ शकते. तथापि या धोरणाचा रोख पर्यटकाकडे आहे. परवडणारा दीर्घ मुक्काम हा त्याचा मुख्य विषय नाही आणि पालात किंवा टेम्पोत राहणारे भटके कुटुंब त्याच्या कक्षेत येत नाही.

अन्य देशांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे उद्बोधक आहेत. ब्रिटनमध्ये १९६८ च्या कॅरॅव्हॅन स्थळ कायद्याने जिप्सी समाजासाठी मुक्कामाची जागा उपलब्ध करणे हे स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य ठरवले. १९९४ च्या कायद्याने ते कर्तव्य काढून टाकले. फ्रान्समध्ये ५ जुलै २००० च्या कायद्याने पाच हजारांहून अधिक लोकसंख्येच्या नगरपालिकांवर फिरत्या समाजासाठी थांब्याची जागा देण्यात सहभागी होण्याची जबाबदारी टाकली. अमेरिकेत संघराज्याच्या सार्वजनिक जमिनीवर साधारणतः चौदा दिवसांपर्यंत विनामूल्य तंबू टाकता येतो. कॅलिफोर्निया व ॲरिझोनाच्या वाळवंटी भागात १९८३ पासून दीर्घ मुक्कामाची खास क्षेत्रे ठरवली असून तेथे हंगामी परवाना घेऊन १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने वाहनासह राहता येते. त्याच देशात २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात, बेघरांनी सार्वजनिक जागी झोपण्याबद्दल दंड करणारे नियम घटनाबाह्य नाहीत, असा निर्णय दिला. छंद म्हणून फिरणाऱ्यास हंगामी परवाना आणि घर गमावल्यामुळे मोटारीत वा उघड्यावर राहणाऱ्यास दंड, ही तफावत साहेबाचा तंबू व कैकाड्याचे पाल यांच्यातील तफावतीची आठवण करून देते.

निष्कर्ष

१. महाराष्ट्रातील फिरत्या समूहांचा स्वस्त व दीर्घ मुक्काम परस्पर गरजेच्या देवाणघेवाणीवर आधारलेला होता. खत, मीठ, अवजारे व राखण ही त्याची नाणी होती.

२. दळणवळणातील बदलांनी या व्यवहाराचा आर्थिक आधार काढून घेतला आणि गुन्हेगार जमाती कायद्याने त्याची नैतिक वैधता हिरावली. कायदा रद्द झाला तरी त्याने रुजवलेला संशय टिकून राहिला.

३. रत्नागिरी जिल्ह्यात सामाईक व शासकीय जमिनीची कमतरता, सहहिस्सेदारी आणि कूळकायद्याची स्मृती यांमुळे दीर्घ मुक्कामाची संमती मिळणे विशेष कठीण झाले आहे.

४. मालगुंड परिसरात दिवाळी ते होळी हा मुक्कामाचा स्वाभाविक हंगाम असून लेखी व मुदतबंद करार, विहिरीच्या पाण्याची व स्वच्छतागृहाची सोय आणि ग्रामपंचायतीकडील नोंद या तीन गोष्टी परवडणाऱ्या मुक्कामाचा पाया ठरू शकतात.

५. ग्रामपंचायतीने ठरवलेला असा थांबा पर्यटकाच्या कॅरॅव्हॅनबरोबरच मेंढपाळ, घिसाडी, डवरी गोसावी यांसारख्या कुटुंबांनाही नाममात्र शुल्कात खुला असणे आवश्यक आहे.

अखेरच्या मुद्द्याचे महत्त्व केवळ सोयीपुरते नाही. अधिकृत थांब्यावर उतरलेले कुटुंब गावाच्या नोंदीत येते. तेथे त्याला पाणी मिळते, मुलांना शाळेत बसता येते आणि अफवा उठली तर ‘ही माणसे आपल्या थांब्यावर उतरली आहेत’ असे सांगणारे कोणीतरी गावात असते. राईनपाड्यात तसे सांगणारे कोणी मिळाले असते, तर पाच जीव कदाचित वाचले असते. मुक्कामाच्या जागेचा प्रश्न पर्यटन विभागाच्या फाइलीत आज नव्याने आला आहे. त्याची उकल करताना ज्यांनी हा प्रश्न शतकानुशतके वाहिला, त्यांना वगळून चालणार नाही.